फोडाखालची पांढरी भुकटी

वडोदऱ्यापासून समुद्र लांब, आणि त्यातल्या त्यात जवळचा तो खंभातच्या आखाताचा गढूळ समुद्र. तेव्हा जुन्या बोटीच्या ॲल्युमिनियमविषयी बोलायला इथला माणूस का उभा राहिला, असे आपल्या मनात आले असेल. त्याचे कारण असे की, मी आणि माझ्या मेव्हण्याने कोकणातून घेतलेल्या जुन्या फायबरच्या बोटीच्या खिडक्यांच्या चौकटी आणि इंजिनाचा ओतीव ब्रॅकेट गेला उन्हाळाभर माझ्या दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर पडून होते.

ब्रॅकेटचा काळा रंग दुरून शाबूत दिसत होता. बोल्टाशेजारच्या फोडाला नख लावले, तेव्हा तो पापडासारखा फुटला आणि आतून ओलसर पांढरी भुकटी सांडली. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तोच त्याला राखतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांतले क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी भेदते आणि धातूत खड्डे पडू लागतात. शेजारी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट असला, तर खारट पाण्यात या दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजायचे ते ॲल्युमिनियमने. रंगाला बारीकसा ओरखडा गेला, तर सगळा मारा तेवढ्याच उघड्या जागेवर येतो.

पहिल्या खेपेस आम्ही नुसते घासून रंग दिला आणि पावसाळा संपण्याआधी त्याच जागी पुन्हा फोड आले. रंगाचा थर पाण्याची वाफ पूर्णपणे अडवत नाही, आणि खड्ड्यांत राहिलेले मीठ ती आत ओढून घेते. म्हणून दुसऱ्या खेपेस आधी गोड्या पाण्याने अनेकदा धुतले, मग ग्रीस काढले आणि नंतरच 80 नंबरच्या पेपरने घासले. हा क्रम उलटला, तर ग्रीस धातूत चोळले जाते. लोखंडी तारेचा ब्रश मात्र वापरू नये, कारण त्याचे कण मऊ धातूत रुतून नव्या क्षरणाला जागा देतात. खड्ड्यांचा तळ चकाकेपर्यंत घासणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि माझ्या मते निम्मे यश तिथेच ठरते. शेवटी स्वच्छ पाणी ओतून पाहावे: ते सलग पसरले तर ठीक, थेंबाथेंबांत फुटले तर तेलकटपणा शिल्लक आहे.

घासलेला भाग रात्रभर उघडा ठेवू नये. काही तासांतच ॲल्युमिनियमसाठी बनवलेला इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि त्यावर पॉलियुरेथेनचे दोन हात. जुन्या पिवळ्या झिंक क्रोमेट प्रायमरचा गुण मोठा, पण त्यातले क्रोमियम कर्करोगकारक आहे. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसू लागते त्यापेक्षा, निदान 3 अंशांनी जास्त असावे, हा नियम आपल्याकडे श्रावणात आठवावा. मे महिन्यात अडचण उलटी, चौकटींना हात लावता येत नव्हता, म्हणून रंगकाम सकाळीच सावलीत उरकले.

1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमारी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त किंवा लोखंड जोडून, म्हणजे त्याच बॅटरीत तांब्याऐवजी त्यांना झिजू देऊन, तांबे वाचवले. पण विरघळणारे तांबेच शेवाळ आणि शिंपले दूर ठेवत होते, त्यामुळे जहाजांच्या तळांवर त्यांचे रान माजले. तांब्याचा तो गुण आजही जहाजाच्या तळाच्या रंगांत वापरतात, पण तांब्याशीही ॲल्युमिनियमची तशीच बॅटरी होते, म्हणून क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याच्या संयुगाचा, रंग पाण्याखालच्या ॲल्युमिनियमला देऊ नये.

जोडणी करताना बोल्टांखाली नायलॉनचे वॉशर घातले, आट्यांना धातू वेगळे ठेवणारी पेस्ट लावली आणि जस्ताचा नवा ॲनोड बसवला. हा जस्ताचा तुकडा ॲल्युमिनियमऐवजी झिजण्यासाठीच असतो, त्यामुळे उघडाच राहिला पाहिजे. आमच्या मदतीला आलेल्या मुलाने हौसेने त्यालाही तोच काळा रंग दिला होता. तो खरवडण्यात आमची एक संध्याकाळ गेली.