कापड उलटं करून बघा

मंडळी, परदेशातल्या खरेदीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "तिथे घासाघीस चालते का हो?" चालते. इंडोनेशियातल्या जावा बेटावर योग्यकर्ता शहरातल्या बेरिंगहार्जो बाजारात बाटिकचं कापड घेताना तर चांगलीच चालते. 'बोलेह कुरांग?', म्हणजे कमी होईल का, एवढं म्हणायचं आणि हसायचं. मात्र 'हार्गा पास' अशी पाटी दिसली तर एकच भाव, तिथे तोंड दुखवू नका. हा 'हार्गा', म्हणजे किंमत, आपल्या 'अर्घ'मधून तिकडे गेलेला. 'महार्घ'चं आपण 'महाग' केलं, म्हणजे नात्यातलाच शब्द. रंगाला तिथे 'वार्ना' म्हणतात, कापसाला 'कापास' आणि रेशमाला 'सुत्रा'. निम्मं दुकान मला न शिकताच कळलं!

पण भावाचं नंतर. आधी कापड हातात घ्या आणि उलटं करा.

बाटिक म्हणजे मेणाचं काम. जिथे मेण लागलं तिथे रंग शिरत नाही, एवढीच त्यातली युक्ती. 'चांतिंग' नावाचं एक छोटंसं अवजार असतं, तांब्याची वाटी आणि तिला बारीक तोटी. त्यात वितळलेलं मेण घेऊन बायका कापडावर अक्षरशः लिहितात. म्हणून त्याचं नाव 'बाटिक तुलिस'; तुलिस म्हणजे लिहिणं. मग कापड रंगवायचं, गरम पाण्यात मेण काढायचं, पुन्हा मेण, पुन्हा रंग. बारीक कामाच्या एका कापडाला महिनेच्या महिने लागतात. दुसरा प्रकार 'चाप', तांब्याच्या ठशानं मेण उमटवलेला. चाप म्हणजे आपला छापच. तिसरा प्रकार नुसता छपाईचा, त्यात मेणाचा संबंधच नाही. बाजारात तिन्ही शेजारी शेजारी, आणि तिन्हींना 'बाटिक'च म्हणणार.

तुलिसमध्ये मेण बहुधा दोन्ही बाजूंनी चढवतात, त्यामुळे सुलट कुठली आणि उलट कुठली ते कळत नाही. छपाईच्या कापडाची मागची बाजू फिकी पडलेली असते. नक्षीही बघा. दोन फुलं तंतोतंत सारखी असतील तर ती हाताची नाहीत. आणि आपल्याकडच्या प्रदर्शनांतल्या बाटिकवर मेणाला तडे जाऊन उमटलेल्या रेघा असतात ना, त्या शोधत बसू नका. जुन्या जावानी कारागिराच्या लेखी तो दोष!

हे शहाणपण मला आधी नव्हतं. मालिओबोरो रस्त्यावर एक गोड बोलणारा मुलगा भेटला. कलाविद्यार्थ्यांचं प्रदर्शन आहे, आज शेवटचा दिवस, म्हणाला. गेले, आणि एक चित्र घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर तोच मुलगा दुसऱ्या कुणाला तरी तेच सांगत होता. शेवटचा दिवस अजून संपलेला नव्हता.

नक्षीलाही अर्थ असतो. तिरक्या पट्ट्यांची 'पारांग' पूर्वी राजघराण्यापुरती राखलेली होती. चांदण्यांसारखी बारीक 'त्रुंतुम' लग्नात वधूवरांचे आईवडील नेसतात. मी त्रुंतुमचे उशांचे अभ्रे शिवणार आहे असं सांगितलं, तेव्हा दुकानातल्या आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पैठणीचं पायपुसणं करायला निघाले होते.

२ ऑक्टोबर २००९ रोजी युनेस्कोनं बाटिकला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तो दिवस तिथे 'बाटिक दिवस' म्हणून साजरा होतो. आपल्या गांधीजयंतीला तिकडे कचेऱ्यांतून, शाळांतून सगळे बाटिकमध्ये!

घरासाठी घेणार असाल तर मापं लिहून न्या. नेसायचं अख्खं कापड साधारण अडीच मीटर लांब आणि मीटरभरच रुंद असतं. मी डबल बेडची चादर होईल म्हणून एकच घेतलं. आता ते दिवाणावर आहे. खिडकीला मात्र लावू नका, उन्हानं त्याचा तो खास तपकिरी 'सोगा' रंग उडतो.

निघताना त्याच आजींनी धुण्यासाठी 'लेराक'ची बाटली पुढे केली. साबण लावू नकोस, म्हणाल्या. मी झाकण उघडून वास घेतला. रिठा! बाटली परत दिली; घरी डबाभर होते.