सात घरांची मांजर

(ठाण्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात याच खुर्चीत बसून एका विद्वान गृहस्थांनी अमृतानुभव सांगितला, आणि आज मांजर. मी कार्यवाहांना म्हटलं, हा उतार फारच तीव्र झाला हो. तर ते म्हणाले, "बाई, तुमच्या विषयाची चौकशी जास्त झालीय."

मी शाळेत २८ वर्षं विज्ञान शिकवलं. मांजराचा आणि माझा संबंध पाठ्यपुस्तकातल्या चित्रापुरता होता. आज सांगते आहे ते सगळं एका मांजरीने शिकवलेलं आहे, आणि तेही माझ्या चुका झाल्यावर.

लहानपणी आपण ऐकलंय, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. फिरवते हे खरं. जागेची शंका आली, वर्दळ वाढली की ती मानगुटीला धरून एकेक पिल्लू हलवते. सात हा आकडा मात्र आपला. पण आमच्या समोरच्या चाळीतल्या मांजरीला खरोखरच सात घरं होती. एका बिऱ्हाडात ती मनी, दुसरीकडे चिंगी, जिन्यापाशी राहणाऱ्या आजींकडे "आली का भवानी". सकाळी दूध आलं की एका दारात, दुपारी मांदेली साफ व्हायच्या वेळी दुसऱ्या दारात, रात्री मीटरच्या पेटीवर. घड्याळ लावून घ्यावं अशी फेरी.

मग पुनर्विकास आला. ठाण्यात कुणाला हे समजावून सांगायला नको. बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत गेली, निळे पत्रे ठोकले गेले, आणि मांजर पत्र्याच्या आत राहिली. म्हातारी माणसं म्हणायची, कुत्रं माणसाला धरून असतं, मांजर वास्तूला. दारं काढून नेली तरी ती ठरल्या वेळी त्या चौकटीपाशी जाऊन बसायची. मला आमच्या खिडकीतून दिसायचं ते.

म्हणून 'बेघर मांजर' हा शब्द मला पटत नाही. रस्त्यावरच्या मांजराला आपल्यापेक्षा मोठं घर असतं. त्याच्या हद्दी असतात, पळवाटा असतात, कुठल्या कोपऱ्यावर कुठला बोका किती वाजता येतो याचा हिशेब असतो. हे सगळं ते बहुतेक वासाने ओळखतं. गाल घासून, नखं ओढून त्याने स्वतःचा वास जागोजाग लावलेला असतो. तुम्ही त्याला उचलून फिनेलचा वास मारणाऱ्या फरशीवर आणून ठेवता आणि म्हणता, बघ, किती छान आहे, पंखासुद्धा आहे!

पण हिची जागाच उरणार नव्हती, म्हणून तिला घरी आणायचं ठरवलं. पकडलं कसं ते थोडक्यात सांगते. सापळ्याचा पिंजरा उसना आणला, आत सुके बोंबील ठेवले, तिसऱ्या रात्री ती सापडली. मी शहाणी, तिला उघड्या हातांनी खोक्यात घालायला गेले आणि ती अंगठ्याला कडकडून चावली. तेव्हा हे लक्षात ठेवा: जखम वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. मांजराच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो. "एवढंसं तर आहे" म्हणू नका.

डॉक्टरांनी तिला तपासलं. दातांवरून वय तीनेक वर्षं. पिसवा, जंत, कानात किडे, सगळं होतं. लस दिली, पुढे तब्येत सुधारल्यावर नसबंदी केली. घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला दोन आठवडे पूर्ण वेगळं ठेवा असं ते म्हणाले, कारण पॅनल्युकोपेनियासारखा रोग एकाकडून दुसऱ्याकडे फार झपाट्याने जातो. आमच्याकडे दुसरं मांजर नव्हतं. सासूबाई होत्या, त्यांचं सांगते पुढे.

आता माझी मोठी चूक. घरी आणलं आणि कौतुकाने खोक्याचं दार उघडलं. सगळं घर मोकळं. शेजारच्या तिघीजणी बघायला आलेल्या, एका मुलाने मोबाइल रोखलेला. ती एक रेघ होऊन गेली आणि फ्रिजच्या मागे शिरली. तिथून दोन दिवस बाहेर नाही. दूध ठेवलं, मासे ठेवले, शिवलं नाही. मी वाकून वाकून हाका मारत होते, आणि माझं तोंड दिसलं की ती आणखी आत सरकत होती.

फोनवर डॉक्टर रागावलेच. मांजर हट्टाने उपाशी राहिलं तर राहू दे, भूक लागली की खाईल, हा हिशेब कुत्र्याला चालतो, याला नाही. मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते, आणि त्यातून ते दगावूही शकतं. माणसांपासून लपायला म्हणून ती तिथे गेली होती आणि मी माणसं आणखी जवळ नेत होते.

उपाय साधा निघाला: घर लहान करायचं. एक खोली, दार बंद. तुम्ही म्हणाल, दोन खोल्यांच्या घरात तिसरी खोली कुठून आणायची? आम्हीही वन बीएचकेवालेच. कुत्र्याचा मोठा पिंजरा भाड्याने आणला, बेडरूमच्या कोपऱ्यात लावला, तीन बाजूंनी जुनी चादर टाकली. आत एका टोकाला शौचाचं घमेलं, दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी. मध्ये पुठ्ठ्याचा खोका आडवा, तोंड भिंतीकडे. खोका सगळ्यात महत्त्वाचा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली हे तपासून पाहिलं होतं. निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला खोका दिला, ९ जणांना दिला नाही. खोकेवाली मांजरं कितीतरी लवकर निवळली. आपण लपू शकतो, ही खात्री झाल्यावरच मांजर बाहेर येतं. आमच्या घरी मिक्सरचा खोका होता, झाकणाशिवाय. अजून आहे, टाकू देत नाही ती.

फिनेल बंद केलं. वासासाठी तर केलंच, पण दुसरं कारण जास्त गंभीर आहे. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. लादीवरून चालतं, पंजे चाटतं, पोटात जातं. पॅरासिटामॉलचंही तेच. आपली तापाची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. प्रेमापोटी ती दिलेली माणसं मला माहीत आहेत.

आता सासूबाई. वय ८४, घर शुद्ध शाकाहारी, आणि त्यांचं म्हणणं, मांजर ठेवा पण दूधभातावर ठेवा. त्यांच्या माहेरी दूधभातावर मांजरं वाढली होती म्हणे. मी त्यांना सांगितलं, ती मांजरं दूधभात तुमच्यासमोर खायची आणि उंदीर तुमच्यामागे. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला पुरेसं तयार करता येत नाही, आणि ते मिळतं मांसामाशांतून, डाळभातातून नाही. अमेरिकेत पॉल पायन या पशुवैद्यांनी १९८७ साली दाखवून दिलं की टॉरिन कमी पडल्याने मांजरांचं हृदय फुगून निकामी होतं, आणि टॉरिन दिलं की सुधारतं. त्यानंतर कंपन्यांनी तयार खाद्यातलं त्याचं प्रमाण वाढवलं. शिवाय मोठ्या मांजराला दूध पचतही नाही, बहुतेकांना त्याने जुलाब होतात.

तह असा झाला: स्वयंपाकघरात काही शिजणार नाही, तयार खाद्य चालेल, भांडं वेगळं, ओट्यापासून लांब. ज्यांच्याकडे शिजतं त्यांनी उकडलेलं चिकन द्यावं, बिनमिठाचं, कांदा-लसूण न घालता. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि निव्वळ चिकनवर ठेवू नका, त्यात कॅल्शियम फार कमी. बोंबील, सुकट हे आमिष म्हणून ठीक, रोज नको, मीठ असतं.

घमेल्याबद्दल. बाजारात घमेल्यात पसरायला बारीक दाण्याचं लिटर मिळतं, ते चांगलं. पण आमच्या बाईसाहेबांना ते शौचाचं ठिकाण वाटेचना, तिने माझ्या तुळशीच्या कुंडीला पसंती दिली. मग मी समोरच्या साइटवरच्या मुकादमाकडून तिच्याच जुन्या चाळीच्या जागेवरची घमेलंभर वाळू मागून आणली आणि लिटरवर पसरली. त्याच दिवशी जमलं. पुढे तीन आठवड्यांत वाळू कमी करत नेली. मांजराला स्वच्छता शिकवावी लागत नाही, जागा ओळखीची करून द्यावी लागते.

ओळख होण्याचं सांगते. माझी शिक्षिकेची सवय, समोर बसायचं आणि नजर रोखायची. मांजराच्या भाषेत ती धमकी आहे. मी रोज पिंजऱ्यासमोर जाऊन बसायची, गोड बोलायची, आणि ती फिस्कारायची. सासूबाई त्याच खोलीत संध्याकाळी जपमाळ घेऊन बसत. जप करता करता डोळे अर्धे मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे. मांजरीकडे त्या ढुंकून बघत नसत. अकराव्या दिवशी पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं होतं, तर ही बाहेर आली, माझ्यावरून वळसा घालून गेली आणि सासूबाईंच्या पायाशी बसली! मी मनातून फार दुखावले, खोटं कशाला बोलू. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२० सालचा अभ्यास मी नंतर वाचला. माणसाने मांजराकडे पाहत डोळे सावकाश बारीक केले, मिटले, तर मांजरही तसंच करतं, आणि तशा अनोळखी माणसाजवळ जास्त येतं. सासूबाईंना ते जपातून साधलं होतं. दुसऱ्या दिवशी मीही भिंतीला टेकून बसले आणि डोळे बारीक करून लोकसत्ताचा अग्रलेख हळू आवाजात वाचू लागले. त्यातला मजकूर तिला आवडला की नाही कोण जाणे, पण आवाजाची सवय झाली.

घाई करू नका, एवढंच. पिंजरा, मग खोली, मग बाकीचं घर. आमच्याकडे याला दीड महिना लागला. कुणाकडे आठवडा लागेल, कुणाकडे सहा महिने.

पहाटे चार वाजताचं ओरडणं हा मोठा तक्रारीचा विषय असतो. शेजारी दार वाजवतात. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं असतं, ती त्याची शिकारीची वेळ. तुम्ही उठून खायला घातलंत, की चार वाजता ओरडल्यावर खाणं मिळतं हे ते शिकतं. त्याऐवजी रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं काठीला चिंधी बांधून दमेपर्यंत खेळवा, शेवटी ती पकडू द्या, आणि मग जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा त्याचा क्रम आहे. खेळ झाल्यावर काठी कपाटात. सुतळी, जरीचा धागा, पतंगाचा मांजा गिळला तर आतडी गोळा होतात, ऑपरेशनच करावं लागतं.

आणि खिडक्यांना जाळी. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर पडतं आणि वाचतं, असं लोक मला ऐकवतात. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातल्या १३२ मांजरांच्या १९८७ सालच्या अहवालावरून ही गोष्ट पसरली. उपचार झालेल्यांतली सुमारे ९० टक्के वाचली होती. विज्ञानाची शिक्षिका म्हणून विचारते: जी जागीच मेली, ती रुग्णालयात कोण नेणार? ती या हिशेबात नाहीतच. साधं ग्रील पुरत नाही, डोकं गेलं की मांजर जातं. बारीक जाळी लावा, तीही मांजर आणण्याआधी.

इथे दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली: "मुलीला दिवस गेलेत, मांजर सोडून देऊ का?" नाही हो. टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला बाधू शकणाऱ्या परजीवीची भीती विष्ठेतून असते, आणि ताजी विष्ठा लगेच बाधत नाही, त्याला किमान एक दिवस जावा लागतो. म्हणून घमेलं रोज साफ करायचं, आणि ते काम जावईबापूंनी करायचं. कच्चं-अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांचीही तेवढीच काळजी घ्या. बाकी तिच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरी: "आमच्या सोसायटीत चार मोठी मांजरं आहेत, सगळी घरात घेऊ का?" बहुधा नको. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हातात खेळलं, तर ते माणसाचं होतं. त्या वयात माणूस ज्याला शिवलाच नाही, ते मोठेपणी घरात कोंडलं तर जन्मभर पलंगाखाली राहील. अशांची नसबंदी, लस करून त्यांच्याच जागी सोडावं. तिथे त्यांची सात घरं असतात. आमची मांजर सात दारी जेवलेली होती म्हणून जमलं, आणि परत सोडायला तिची जागा उरली नव्हती म्हणून आणली.

तिला बाहेर जावंसं वाटत नाही का? वाटतं. पहिल्या पावसात मातीचा वास आला तेव्हा ती दिवसभर जाळीला नाक लावून होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पत्र्यांच्या जागी आता सातव्या मजल्याचा स्लॅब पडलाय, दुपारी मजूर डबे उघडतात, आणि ही बरोबर त्या वेळी खिडकीत जाऊन बसते. दिवाळीत जिन्यापाशच्या त्या आजी भेटायला आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "आहे का भवानी?" ही सासूबाईंच्या मांडीवर होती. कान तेवढा वळवला, उठली नाही. आजी म्हणाल्या, "बरं झालं," आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मागच्या टेबलावर सापळ्याचा पिंजरा ठेवलाय, चहा घेताना बघून घ्या. हवा असेल त्याने वहीत नाव लिहून न्यावा, पण काम झाल्यावर धुऊन परत करा. आणि जाड हातमोजे विसरू नका.