लुगडं भिजलं म्हणजे किती?

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या माणसाला 'व्हॅक्सिन डेपो' म्हटलं की मैदान आठवतं. सकाळी फिरायला येणारी मंडळी, क्रिकेट, मोठमोठी झाडं. पण ब्रिटिशांच्या काळात तिथं देवीची लस तयार व्हायची. जनावराच्या कातडीवर ती वाढवायची, आणि मग देवी काढणारा माणूस ती घेऊन खेड्यात जायचा. पोरं माळ्यावर नाहीतर कणगीमागं लपायची. आरोग्य खातं आपल्या दारात आलं ते असं.

आज बोलायचंय ते आपल्या मेडिकल कॉलेजातल्या, समाजाच्या आरोग्याकडं बघणाऱ्या एका विभागाविषयी. के.एल.ई. म्हणजे कर्नाटक लिंगायत एज्युकेशन संस्था १९१६ची, तिचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३चं. तेव्हा ते धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेलं होतं, आणि २००६ साली संस्थेचं स्वतःचं अभिमत विद्यापीठ झालं. डॉक्टरला रोग्याचं घर, पाणी, पगार यांचीही जाण हवी, हे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीनं १९४६ सालीच सांगून ठेवलं होतं. त्यातून हा विषय देशभरच्या वैद्यकीय शिक्षणात आला. आधी नाव 'प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन', आता 'कम्युनिटी मेडिसिन'. विद्यार्थी अजून पीएसएमच म्हणतात. खेड्यात तर नावच नाही. "कॉलेजची गाडी आली" एवढंच.

ही गाडी किणये, वंटमुरी, हंदिगनूर या भागांत जाते. १९७७च्या सुमारास सरकारनं प्रत्येक मेडिकल कॉलेजनं तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं सांभाळावीत असं ठरवलं, तेव्हापासून खेड्यात जाणं हा शिक्षणाचा भागच झाला. पुढची समित्यांची जंत्री मी गाळतो. ती ऐकून कुणाचा ताप उतरलेला नाही.

खरी गोष्ट बाळंतपणाची आहे. आपल्याकडच्या बायका "अंगावरून फार जातंय" म्हणतात. फार म्हणजे किती? "लुगडं भिजलं." दुसरं लुगडंही भिजलं, तरी सुईण म्हणणार, होतं असं. बाळंतपणानंतर अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर तो धोका, असं पुस्तक सांगतं. पण झोपडीत कंदिलाच्या उजेडात अर्धा लिटर मोजायचं कुणी आणि कसं? कॉलेजच्या मंडळींनी परदेशी संशोधकांबरोबर साधा उपाय काढला. बाळंतिणीखाली पसरायचं प्लॅस्टिक, त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या खुणा. लुगड्याचा आकडा झाला!

मग २००२ ते २००५ या काळात आपल्या जिल्ह्यातल्या चार आरोग्य केंद्रांच्या गावांत १,६२० बायकांवर अभ्यास झाला. बाळ जन्मल्याबरोबर निम्म्या जणींना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या, निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. देणाऱ्या होत्या उपकेंद्रातल्या नर्सबाई, डॉक्टर नव्हे. याच कामाचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, टोचायला शिकलेला हात लागतो. या गोळीला फ्रीज नको, सुई नको. धोक्याचा रक्तस्राव बिनऔषधी गटात १२ टक्के बायकांना झाला, गोळीवाल्या गटात ६.४ टक्क्यांना. २००६ साली या अभ्यासाचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी या कामासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. हे श्रेय एकट्या पीएसएमचं नाही. स्त्रीरोगापासून शरीरशास्त्रापर्यंतचे लोक त्यात होते. पण खेड्यात पाय ठेवायची सवय नसती, तर ही गोळी गावात कुणी नेली असती?

आणि भाषा? १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फलकांवरचा वाद अजून चालू आहे, पण रक्तदाब तपासताना त्याची आठवण कुणाला होत नाही. किणयेच्या बाजूला मराठी, पुढं कन्नड, आणि शिकणारी पोरं दिल्ली-केरळची. प्रश्न इंग्रजीत निघतो, नर्सबाई तो मराठीत वळवतात, उत्तर निम्मं कन्नडमिश्रित येतं. "शुगर" आणि "बीपी" मात्र सगळ्यांना कळतात.

आता नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं दत्तक असतात. परवा एका गावात एक आजी, उंबऱ्यावर वही घेऊन बसलेल्या पोरीला विचारत होत्या, "दत्तक म्हणजे, तू आमच्यात येणार, की आम्ही तुझ्यात?" पोरगी हसली, म्हणाली, "आजी, आधी हात द्या, नाडी बघते."

नमस्कार.