फोड येण्याआधी

खुर्चीवर बसलेल्या कर्करोगाच्या रुग्णाने तोंड उघडले आहे. गालाच्या आतल्या बाजूला अजून एकही फोड दिसत नाही, आणि कर्करोगावरील उपचारांमुळे तोंडात येणारे फोड टाळण्यासाठीच्या या सौम्य लेझर-उपचाराला हीच वेळ योग्य आहे.

पेनासारख्या दांडीच्या टोकातून लाल प्रकाश येतो. तंत्रज्ञ ते टोक ओठांच्या आतून, गालांवर, जिभेच्या कडांना आणि जिभेखाली क्रमाने टेकवतो आणि प्रत्येक जागी काही सेकंद थांबतो. चटका बसत नाही, दुखतही नाही. तरीही दोघांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे आहेत, कारण प्रकाश सौम्य असला तरी तो लेझरचा आहे.

तोंडातले अस्तर साधारण एक-दोन आठवड्यांत नवे होत असते. केमोथेरपी आणि किरणोपचार झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात, तेव्हा कर्करोगाच्या पेशींबरोबर या अस्तराच्या पेशीही त्यांच्या तडाख्यात सापडतात. त्यामुळे केमोनंतर सहसा 5 ते 10 दिवसांत, तर डोके आणि मानेच्या किरणोपचारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तोंड लालबुंद होऊन सोलवटते. रुग्ण याला ‘तोंड आलंय’ म्हणतात; पण नेहमीच्या तोंड येण्याशी याची तुलना करणे अन्यायाचे आहे. येथे लाळ गिळणेही जिवावर येते, काहींना अन्न नळीने द्यावे लागते आणि कधी मूळ उपचारच मध्ये थांबवावा लागतो.

1967 साली बुडापेस्टमध्ये हंगेरियन डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी उंदरांच्या कातडीवर लेझरचा सौम्य प्रकाश सोडला, तेव्हा भादरलेल्या जागी केस लवकर उगवल्याचे त्यांना दिसले. आजच्या समजुतीनुसार पेशींतील मायटोकॉन्ड्रियामधले (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांमधले) एक विकर (एन्झाइम) लाल आणि अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश शोषते, त्यामुळे पेशीला अधिक ऊर्जा मिळते आणि दाह आटोक्यात राहतो. मात्र मात्रा नेमकी हवी: ती वाढवली म्हणून गुण वाढत नाही, उलट तो कमीही होऊ शकतो.

मूलपेशी प्रत्यारोपण आणि डोके-मानेचा किरणोपचार घेणाऱ्यांसाठी प्रतिबंधक म्हणून या पद्धतीची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. तोंडातच गाठ असेल, तर त्या जागेवर थेट प्रकाश सोडण्याचे खबरदारी म्हणून टाळले जाते.

दांडीवरचे पारदर्शक आवरण काढून टाकले जाते. उद्या किरणोपचाराला जाण्याआधी रुग्ण पुन्हा याच खुर्चीवर बसेल.