तळ्याचा उतरता काठ

नमस्कार श्रोतेहो. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर पक्षी बघायला जाणारी मंडळी बहुधा बांधाच्या भिंतीवर उभी राहतात. गाडी लावायची सोय होते, फोटोही झकास येतो. पक्षी मात्र असतात पलीकडे, फुगवट्याच्या, म्हणजे तलावाचं पाणी मागं पसरतं तिथल्या चिखलात. आदिला नदीवर १८७१ साली हा तलाव बांधला, तेव्हा पक्ष्यांचा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही. पण फुगवट्याकडची जमीन उतरती राहिली आणि त्यांची सोय आपोआप झाली.

भिंतीजवळच्या खोल पाण्यात पाणकावळा आणि टिबुकली बुड्या मारतात. बाकीच्यांना तिथं काय मिळणार? शेकाट्याचे लांबसडक पाय झाले तरी वीतभरच. त्याला हवं घोट्याएवढं पाणी आणि खाली मऊ गाळ, चोच खुपसायला. तुतारी पक्ष्याला तेवढंही चालत नाही, ती ओल्या काठानंच फिरते. हिवाळ्यात पाणी मागं सरकतं तसा रोज नवा चिखल उघडा पडतो. म्हणजे रोज नवं ताट. आपले शेतकरी त्याच जमिनीवर गाळपेर करतात, त्यामुळे वाटेकरी दोन.

गावतळ्यातही हेच. टिबुकली पाणवनस्पतींचं तरंगतं घरटं बांधते आणि उठून जाताना अंडी ओल्या पाल्यानं झाकते. कमळपक्ष्याची मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम बापाकडे. हा संसार तरंगत्या पानांवर चालतो. पण जलपर्णीनं सगळं तळं झाकलं, की उघडं पाणी उरत नाही आणि बदकं उतरत नाहीत.

अंदमानात तर चहूकडे खारं पाणी. तिथलं अंदमानी बदक झाडाच्या ढोलीत घरटं करतं, पण चरायला गोड्या पाण्याची तळी, भातखाचरं धुंडाळतं. बेटावर असं तळं बुजलं, तर शेजारी दुसरं असेलच असं नाही. आपल्या कोरड्या माळावरही दोन तळ्यांमधलं अंतर काही कमी नाही.

म्हणून एक सांगायचंय. २०१७ पासून गाळमुक्त धरण योजनेत तळ्यांतला गाळ निघतो, शेतात जातो. काम चांगलंच आहे. पण जेसीबी चारही बाजूंनी काठ उभा कापतो आणि तळ्याची विहीर होते. मग शेकाट्या उतरणार कुठं? आणि म्हशींनी तरी पाण्यात जायचं कसं?

तुमच्या गावात काम निघालं, तर यंत्र सुरू होण्याआधीच सरपंचांना भेटा. खोदायचं तेवढं मधोमध खोदा म्हणावं, एका अंगाचा उतार तसाच ठेवा. शक्यतो जिथून गुरं उतरतात ती बाजू सोडा. त्याला विरोध करणारं गावात कोणी सापडायचं नाही.