पदकाच्या कडेवरचा नंबर

भुसावळ जंक्शन. रात्रीचे अडीच वाजलेत. पुलाच्या जिन्याखाली एक आबा झोपलेत. अंगावर चादर, उशाला कापडी पिशवी. बाजूला कॅनव्हासचे झिजलेले बूट, टाचेला टाच लावून ठेवलेले. ही सवय पलटणीतली.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, 1971 च्या लढाईत होते. नऊ वर्षं नोकरी झाली आणि वडील गेले. कपाशीचं शेत बघायला घरी कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःहून डिस्चार्ज घेतला. जवानाला पेन्शन बसायला 15 वर्षं लागतात. आबांना ती बसली नाही, आणि पेन्शन नाही म्हणून औषधपाण्याचं ईसीएचएस कार्डही मिळालं नाही. पुढे शेत विकलं गेलं. मुलगा पोटासाठी सुरतेला गेला, तो तिकडचाच झाला. मग एका पावसाळ्यात धाब्याचं घर बसलं. फौजेतल्या नोकरीचा पुरावा असलेलं डिस्चार्ज बुक त्याच मातीखाली राहिलं.

घर गेलं की पत्ता जातो. पत्ता नाही, तर आधार अडतं, बँकेचं खातं अडतं. आणि मदत तर आहे! 65 वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या गरजू माजी सैनिकाला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिन्याला अनुदान मिळतं. पूर्वी ते 4,000 रुपये होतं. नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8,000. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. पण त्या दारापर्यंत आबांना नेणार कोण?

"मांगाले लाज वाटस, भाऊ," आबा अहिराणीत म्हणतात आणि मान फिरवतात.

वैशाखात खान्देशात पारा पंचेचाळिशीला टेकतो. फलाटाचा पत्रा तापतो. गुडघे धरलेत, डोळ्यात मोतीबिंदू आहे, रात्री लघवीला उठलं की पिशवी जाईल ही धास्ती. या माणसाला आधी एक खाट हवी, कायम मिळेल अशी. आणि रांगेत सोबत उभा राहणारा कोणीतरी.

आज आमच्याबरोबर गावातला एक तरुण माजी सैनिक आलाय. तो फलाटावर मांडी घालून बसतो. आबा पिशवीतून पत्र्याची डबी काढतात. आत संग्राम मेडल, 1971 च्या लढाईचं. तरुण ते मोबाइलच्या उजेडात कडेवर फिरवतो. बारीक अक्षरांत फौजेतला नंबर, रँक, नाव.

तो वाचायला लागतो. त्याच्या आधीच आबा उठून बसतात, पाठ ताठ करतात, आणि सगळा नंबर एका दमात सांगतात.

अर्जावर तो नंबर लिहिला जातो. पत्त्याचा रकाना अजून कोरा आहे.