तूप कानाने कढवायचं असतं

नमस्कार मंडळी. विषय ठरलाय 'घरचं तूप रवाळ का होतं', आणि ते मी सांगणारच आहे, पण आधी शेगडीचं बोलू द्या, दोन महिने डोक्यात तेच आहे.

आमच्याकडे इंडक्शन आली. सपाट काच, एक बटण नाही, नुसतं बोट टेकवायचं. रविवारी मी आठवड्याची साय विरजलेली घुसळायला घेतली, थंडी होती म्हणून थोडं कोमट पाणी घातलं, उन्हाळ्यात बर्फ घालतो ना तसंच, छान गोळा आला, तीन पाण्यांनी धुतला आणि आजीचं कल्हईचं पितळी पातेलं शेगडीवर ठेवलं. तर टूं टूं टूं! म्हणजे काय, तर भांडंच नाही म्हणते! अहो एवढं जड पातेलं समोर आहे, त्यात किलोभर लोणी आहे, आणि भांडं नाही? पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम तिला दिसतच नाही, ज्याला लोहचुंबक चिकटतो तेच भांडं तिला चालतं. मग फ्रीजवरचा चुंबक काढून मी सगळी मांडणी तपासली, स्टीलची अर्धी भांडीसुद्धा नापास. (हसताय, पण घरी जाऊन बघा.)

एक पातेलं सापडलं. आता लोण्याचा हात, पॅनल ऐकेना. हात पुसला, पाण्याचा थेंब काचेवर पडला, शेगडी बंद. आणि मंद आच म्हणाल तर हिची मंद म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ बंद, परत जोरात. तूप उसळतं, गप्प होतं, उसळतं. दुरुस्तीवाला येऊन म्हणाला, काकू, मशीन ओके आहे, तुमचं भांडं चुकीचं आहे. चार पिढ्यांचं पातेलं चुकीचं! याचा मला खरंच त्रास झाला.

कारण तूप आपण बघून नाही, ऐकून कढवतो. आई पलीकडे भाजी निवडत असायची आणि तिथूनच सांगायची, आवाज बदलला, गॅस बंद कर. त्या आवाजात सगळं असतं, आणि शेगडी मध्येच टूं टूं करते.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. बरं, भराभर सांगते.

लोण्यात साधारण 16 टक्के पाणी असतं. ते आहे तोवर तडतड चालू, आणि तोवर तापमान 100 अंशांच्या आसपासच राहतं, म्हणून काही करपत नाही. तडतड थांबली की पाणी संपलं, मग तापमान झपाट्याने चढतं आणि तळाची बेरी लाल व्हायला लागते, खमंग वास तिचाच. हीच वेळ, इथेच गॅस बंद, विड्याचं पान टाका. आता रवा. तुपातले काही स्निग्ध पदार्थ आधी गोठतात, काही उशिरा, हळूहळू गार झालं तर आधी गोठणाऱ्यांचे दाणे मोठे होतात. म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका, ओट्यावर झाकून राहू दे, रात्रभर. म्हशीच्या तुपाचा दाणा जाड असतो.

मी माळ्यावरची एका बर्नरची गॅस शेगडी खाली काढलीये, फक्त तुपासाठी. काल तिच्यावरच कढवलं, आजीच्या पातेल्यात. बेरीत गूळ घालून डबा आणलाय, चहाच्या टेबलावर आहे, आधी मुलांना द्या.